'सत्तांतर' : वानरांची गोष्ट वानरांचीच राहू द्या

व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही छोटेखानी कादंबरी १९८२ साली प्रसिद्ध झाली आणि १९८३ साली तिला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या सीमाभागातील वाचनालयांत ती सापडते, हातात धरली तर एका बैठकीत वाचून होते, आणि वाचल्यावर माणूस थोडा वेळ गप्प बसतो. परंतु तिच्याविषयी बोलणे निघाले की ते बहुधा दोन वाक्यांत संपते. पहिले वाक्य असे की, ही राजकारणावरची रूपककथा आहे. वानरे नावाला, खरी गोष्ट दिल्ली-मुंबईची. दुसरे वाक्य असे की, माणूस शेवटी माकडाचाच वंशज, तेव्हा सत्तेसाठी तोही असाच वागायचा. ही दोन्ही वाक्ये पुस्तकावर अन्याय करतात असे माझे मत आहे. पहिल्याने वानरे पुसली जातात, दुसऱ्याने माणूस. प्रस्तुत लेखात या दोन्ही वाचनांची तपासणी करावयाची आहे, आणि त्यासाठी वाङ्मयाच्या अंगणातून थोडे बाहेर, वानरशास्त्र आणि पुरातत्त्व यांच्या शिवारात जावे लागणार आहे.

रूपककथेचे वाचन का रुजले हे समजण्यासारखे आहे. 'सत्तांतर' हा शब्दच वर्तमानपत्रातला. १९७७ साली दिल्लीत सत्ता पालटली, १९८० साली पुन्हा पालटली. त्यानंतर दोनच वर्षांनी या नावाचे पुस्तक हाती आले तर वाचकाने वानरांच्या तोंडावर पुढाऱ्यांचे मुखवटे चढवले यात नवल नाही. शिवाय पंचतंत्राचे संस्कार आपल्या हाडीमांसी खिळलेले. प्राण्याची गोष्ट म्हणजे माणसाला शिकवण, ही आपली जुनी समजूत. पंचतंत्रातले माकड मगरीला काळीज झाडावर ठेवल्याचे सांगते तेव्हा ते माकड नसतेच. तो शेपटी लावलेला चतुर माणूस असतो. माडगूळकरांचे वानर मात्र कोणाला नीतीचा पाठ देत नाहीत. ते खातात, उवा वेचतात, पिल्ले सांभाळतात, धमकावतात, पळतात आणि मारतात. एका नराच्या ताब्यातील टोळी, तिच्याभोवती घिरट्या घालणारे बाहेरचे नर, झुंज, जुन्याची हकालपट्टी, नव्याचा अंमल आणि त्यात बळी जाणारी पिल्ले, एवढेच कथानक. लेखक कोठे उसासा टाकत नाही, कोणाचा निषेध करीत नाही. ही तटस्थता रूपककथेची नव्हे. ती निरीक्षकाची आहे.

आणि हे निरीक्षण कोठल्या मातीतले आहे, हे आपल्या कर्नाटकातल्या मराठी वाचकाने तरी जाणून घेतले पाहिजे. वानरांच्या टोळीतील सत्तापालट आणि त्यानंतर नव्या नराने केलेली पिल्लांची हत्या शास्त्रीय जगापुढे प्रथम तपशीलवार मांडली गेली ती आपल्याच धारवाडच्या रानातून. क्योतो विद्यापीठाचे युकिमारू सुगियामा यांनी १९६१ ते १९६३ या काळात धारवाडच्या आसपासच्या टोळ्या पाहिल्या. एकट्या नरांचा एक जथा एका टोळीवर चालून आला, टोळीचा जुना नर हटला, जथ्यातला एकच नर शेवटी टोळीत टिकला आणि त्यानंतर टोळीतली पिल्ले चावे खाऊन एकामागून एक नाहीशी झाली. १९६५ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले तेव्हा अनेकांना ते पटले नाही. त्यापूर्वी फिलिस जे यांनी १९५८ ते १९६० या काळात उत्तर व मध्य भारतातील वानरे पाहून त्यांचे चित्र शांत, सलोख्याने राहणारे असे रंगवले होते. त्यांच्या टोळ्यांत एकाहून अधिक नर एकत्र नांदत होते. मग धारवाडचा प्रकार म्हणजे दाटीवाटीने बिघडलेल्या टोळीची विकृती असावी, असे म्हणणारा एक पक्षच तयार झाला.

दुसरा पक्ष उभा केला सारा ब्लॅफर हर्डी या अमेरिकन बाईंनी. १९७१ पासून त्यांनी अबूच्या पहाडावरील वानरांचा अभ्यास केला आणि १९७७ साली त्यावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचा हिशोब साधा होता. मादी पिल्लाला पाजत असते तोवर ती पुन्हा गाभण राहत नाही. नव्या नराला टोळीत मिळणारा काळ थोडा, अबूला सरासरी दोन-सव्वादोन वर्षांचा. दुसऱ्याचे पिल्लू मोठे होईपर्यंत थांबला तर त्याचा स्वतःचा वंश मागे राहायचा नाही. पिल्लू गेले की आई लवकर माजावर येते. म्हणजे हा वेडेपणा नसून पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेलेली वागणूक आहे. वानर हा हिशोब मनात मांडतो असा याचा अर्थ नव्हे. ज्या नरांचे वर्तन असे होते त्यांचीच पिल्ले अधिक उरली, म्हणून ते वर्तन उरले. डार्विनच्या निसर्गनिवडीचे तत्त्व मुलांना समजावून सांगायला याहून कठोर आणि याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. पुढे १९९९ साली नेपाळमधील रामनगरच्या वानरांच्या डीएनए तपासणीवरून असे दिसले की, मारणारे नर मेलेल्या पिल्लांचे बाप नव्हते. हर्डींच्या बाजूने हा मोठा पुरावा झाला.

या पार्श्वभूमीवर 'सत्तांतर' पुन्हा वाचावे. मराठीतील एका ललित लेखकाने, कोणतीही शास्त्रीय परिभाषा न वापरता, शास्त्रज्ञांत खडाजंगी चालू असलेला विषय गोष्टीत आणला आणि गोष्ट खोटी पडू दिली नाही. वानरांना त्याने गावाकडच्या टोपणनावांसारखी नावे दिली आहेत. कोणाला हा कथालेखकाचा सोस वाटेल. पण जपानमध्ये किंजी इमानिशी व त्यांचे सहकारी १९४८ पासून माकडांचा अभ्यास करू लागले तेव्हा त्यांनीही प्रत्येक माकड वेगळे ओळखून त्याला नाव दिले. पाश्चात्त्य पंडितांनी प्रारंभी नाके मुरडली. पुढे जेन गुडॉल यांनी १९६० पासून गोंबेच्या चिंपांझींना नावे दिली तेव्हाही तीच टीका झाली. आज ती पद्धत सर्वमान्य आहे. मेंढरे वळणारा धनगर आपले प्रत्येक मेंढरू ओळखतो, हे 'बनगरवाडी'च्या लेखकाला कोणी क्योतोहून येऊन सांगण्याची गरज नव्हती.

मात्र एका ठिकाणी मला या कादंबरीचा तोल ढळलेला वाटतो. कथेचे वजन नरांच्या झुंजीवर पडते. शीर्षकच नराच्या बाजूचे आहे. वानरांच्या टोळीत नर येतात-जातात. वयात आलेल्या नराला जन्माची टोळी सोडावी लागते. माद्या मात्र जन्मल्या त्याच टोळीत आई, बहिणी, मावश्यांसह आयुष्य काढतात. आपल्याकडे लेक सासरी जाते. त्यांच्याकडे लेक घरी राहते आणि लेकाला बाहेरची वाट धरावी लागते. म्हणजे सत्ता बदलते तेव्हा टोळी बदलत नाही, टोळीचा पाहुणा बदलतो. नवजात पिल्लू पहिल्या दिवसापासून या मादीकडून त्या मादीकडे हातोहात फिरते. पिल्लांवर चालून आलेल्या नराला माद्या मिळून अडवतात. हर्डींच्या पुस्तकाचे बळ हे की, त्यांनी मादीला सोसणारी न मानता डावपेच खेळणारी मानले. 'सत्तांतर'मध्ये माद्या आहेत, त्यांचे दुःखही आहे. पण गोष्टीची दोरी त्यांच्या हाती नाही. हे पुस्तक मादीच्या बाजूने लिहिले असते तर त्याचे नाव कदाचित वेगळे ठेवावे लागले असते.

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू. माणूस माकडापासून झाला, तेव्हा तो असाच असणार. हे वाक्य आमच्या भागात दोन भाषांत ऐकू येते. मराठीत 'माकडापासून माणूस' आणि कानडीत 'मंगनिंद मानव'. दोन्ही भाषांत यमकासारखे जुळते म्हणून ते तोंडी बसले असावे. पण दोन्ही भाषांत ते चूक आहे. गंमत अशी की, दोन्ही भाषा या बाबतीत मुळात फार चोखंदळ आहेत. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा तो मराठीत वानर, कानडीत मुसुव. तांबूस तोंडाचे, गावात धुडगूस घालणारे ते माकड, कानडीत मंग किंवा कोती. शेतकऱ्याला हा भेद पक्का ठाऊक असतो. शाळेत मात्र आपण सगळ्यांना एका पोत्यात घालतो. तिसरा गट चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन यांचा. यांना शेपूट नसते. आपल्या पाठ्यपुस्तकांनी यांना एप म्हटले, कोणी कपी म्हटले. आपल्या बोलीत यांना शब्द नाही याचे कारण उघड आहे: भारतात या गटातला फक्त हूलॉक गिबन आहे आणि तोही ईशान्येच्या जंगलात. जे पाहिलेच नाही त्याला शब्द कोठून येणार?

नाते समजावयाचे तर भाऊबंदकीचा दाखला घ्यावा. तो आपल्या लोकांना पटकन कळतो. चुलतभाऊ हा आपला आजोबा नव्हे. त्याचा आणि आपला आजोबा एक होता, इतकेच. माणूस आणि चिंपांझी यांचा समाईक पूर्वज सुमारे साठ ते सत्तर लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. तो आजचा चिंपांझी नव्हता आणि आजचा माणूसही नव्हता. वानर व माकडे यांची शाखा आणि एप व माणूस यांची शाखा याहून पुष्कळ आधी, सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. तेव्हा 'सत्तांतर'मधला नर आपला पणजोबा नाही. तो दूरचा भाऊबंद आहे. त्याचीही अडीच-तीन कोटी वर्षांची स्वतंत्र वाटचाल झालेली आहे. तो मागे राहिलेला माणूस नव्हे, पूर्ण झालेला वानर आहे.

जवळचे भाऊबंद पाहिले तरी एकच उत्तर मिळत नाही. गोंबेच्या चिंपांझींत एका गटाने शेजारच्या गटातील नर एकेक करून मारल्याचे १९७४ ते १९७८ या काळात दिसले. उलट काँगोच्या जंगलातील बोनोबो माद्यांच्या वर्चस्वाखाली त्या मानाने सलोख्याने राहतात. चिंपांझी आणि बोनोबो माणसाला अगदी सारख्याच अंतरावर आहेत. मग आपण कोणावर गेलो? ज्याला भांडण हवे त्याने चिंपांझीचा दाखला द्यावा, ज्याला समेट हवा त्याने बोनोबोचा, असा हा प्रकार होतो. दाखला देणारा निसर्गाविषयी काही सांगत नसतो. आपली इच्छा निसर्गाच्या तोंडून वदवीत असतो.

हे केवळ पंडिती वादाचे प्रकरण असते तर मी दिवाळी अंकाची पाने अडवली नसती. वर्गात हा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, मग माणसाचाही स्वभावच तसा का?" या प्रश्नामागे एक सबब दडलेली असते आणि ती मुलाची नसते, मोठ्यांकडून त्याने उचललेली असते. निसर्गच तसा, बळी तो कान पिळी, बायकांचे नशीबच तसे. अशा वेळी स्पष्ट सांगावे लागते की, वानर दुसऱ्याचे पिल्लू मारतो, त्यामागचे कारण शास्त्राने दाखवले आहे. पोटातला गर्भ मुलीचा आहे का हे यंत्राने तपासून, स्वतःचेच मूल काढून टाकणे हा प्रकार कोणत्याही रानात नाही. तो आपला आहे, आणि त्याला आळा घालण्यासाठी १९९४ साली कायदा करावा लागला. तेथे वानराचा दाखला देणे म्हणजे वानराची बदनामी होय. एखादी गोष्ट निसर्गात का घडते हे समजणे वेगळे आणि ती योग्य आहे असे ठरवणे वेगळे. या दोहोंतली सीमारेषा ज्याला शिकवली गेली नाही, त्याच्या हाती 'सत्तांतर'सारखे पुस्तक अर्धवट पोहोचते.

आणि ही रेषा शिकवण्याची जागा आक्रसत चालली आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला; २०२३ साली देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्यालाच तो विषय भेटावा अशी स्थिती झाली. महाराष्ट्राच्या दहावीसाठी २०१८ साली आलेल्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा होता. म्हणजे सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची मावसभावंडे सुट्टीत भेटली तर एकाला माणसाच्या पूर्वजांची नावे ठाऊक आणि दुसऱ्याला नाहीत, असे घडू शकते. धडा जातो तेव्हा गोष्ट उरते. म्हणून गोष्ट कशी वाचावी हा प्रश्न आता केवळ समीक्षकाचा राहिलेला नाही.

वानर आणि आपण यांच्यामध्ये जे काही घडले ते कोठे पाहावे? त्याचे उत्तर आफ्रिकेत जितके आहे तितके आपल्या दाराशीही आहे. आमच्या कोहिनूरच्या बाजूला इतिहास म्हटला की लोक कल्याणपर्यंत जातात. चालुक्यांची राजधानी, बसवण्णांचा अनुभव मंटप. म्हणजे आठ-नऊशे वर्षे. परंतु आमच्याच कलबुर्गी विभागात, आजच्या यादगीर जिल्ह्यात, हुणसगी आणि बैचबाळ यांच्या खोऱ्यांत याहून कितीतरी मागचा काळ उघड्यावर पडलेला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. के. पद्दय्या यांनी १९७० च्या दशकापासून हा मुलूख पायी तुडवून अश्मयुगाची दोनशेच्या आसपास ठिकाणे नोंदवली. त्यातले इसामपूर हे ठिकाण १९९७ ते २००१ या काळात उकरले गेले. तेथे चुनखडीच्या लाद्या नैसर्गिकपणे सुट्या होतात. हव्या त्या जाडीची लादी निवडायची, दुसरीकडून आणलेल्या कठीण दगडाच्या हातोड्याने तिचे छिलके काढायचे आणि हातकुऱ्हाड बनवायची, असा तो कारखाना होता. तेथे मिळालेल्या जनावरांच्या दातांच्या कालमापनावरून त्याचे वय सुमारे बारा लाख वर्षे निघाले. आपण, म्हणजे आजचा माणूस, सुमारे तीन लाख वर्षांचा. कुऱ्हाडी करणारे आपल्याहून जुने, वेगळ्या जातीचे मानव होते.

'सत्तांतर' प्रसिद्ध झाले त्याच १९८२ साली अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोरा येथे प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला, हा केवळ योगायोग. परंतु मराठी वाचकाच्या कपाटात ही दोन्ही टोके शेजारी असावीत असे मला वाटते.

इसामपूरच्या दगडांत मला 'सत्तांतर'चे उत्तर दिसते. हातकुऱ्हाड एकट्याने, उपजत बुद्धीने होत नाही. लादी कोठली घ्यावी, घाव कोठे घालावा, बिघडली तर केव्हा टाकून द्यावी हे पाहून, चुकून, पुन्हा पाहून शिकावे लागते. शिकायला शिकवणारा जवळ बसलेला लागतो, आणि त्याने नवख्याला हुसकून लावून चालत नाही. तेथील अवशेषांवरून अनुकरण आणि एकत्र काम यांविषयी अभ्यासकांनी विचार मांडला आहे तो याच दिशेने. आणि येथे हर्डीबाई पुन्हा भेटतात. पिल्लांच्या हत्येचा अर्थ लावून ज्यांनी नाव मिळवले त्यांनीच २००९ साली दुसरे पुस्तक लिहिले. माणसाचे मूल एकट्या आईने नव्हे, तर आजी, मावशी, भावंडे आणि बाप यांनी मिळून वाढवले म्हणून माणूस माणूस झाला, हे त्यातले प्रतिपादन. सत्तेच्या झुंजीपासून निघालेली अभ्यासक पाळण्यापर्यंत येऊन पोहोचली. आपले टीकाकार मात्र अजून झुंजीपाशीच उभे आहेत.

पाळण्याची गोष्ट निघाली म्हणून बारा लाख वर्षांवरून एकदम अलीकडे, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घोडनदीच्या काठी येऊ. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात शेतकऱ्यांचे एक प्राचीन गाव उकरले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावे. तेथे घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने मिळाली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत मूल. मेलेले मूल गावाबाहेर न टाकता जेथे आपण जेवतो-झोपतो त्या जमिनीखाली ठेवणारी ही माणसे. तीही भांडत असतील, हेवेदावे करीत असतील. त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. पण माणसाचा स्वभाव ठरवायचा तर धारवाडच्या रानाबरोबर इनामगावचे मडकेही साक्षीला बोलवावे लागेल.

एवढे सांगून 'सत्तांतर'चा निवाडा करावयाचा तर तो असा. मराठीत प्राण्यांवर जे लेखन झाले त्यात हे पुस्तक वरच्या पंक्तीचे आहे, कारण त्याने वानराला माणूस केले नाही. ते काम वाचकाने केले. माद्यांच्या जगाकडे ते पुरेसे वळत नाही ही त्याची उणीव मी वर नोंदवली आहे. शाळेच्या ग्रंथालयात ते असावेच, आठवी-नववीच्या मुलांना ते वाचू द्यावे, कोवळ्या मनावर परिणाम होईल म्हणून कपाटात लपवू नये. फक्त त्यानंतर त्यांना एकदा यादगीरकडे सहलीला न्यावे, उन्हात पडलेली चुनखडीची लादी हातात घेऊ द्यावी, आणि दोन दगड देऊन त्यातल्या एकाला धार काढून दाखवायला सांगावे. अर्ध्या तासात एकमेकांना दाखवल्यावाचून, विचारल्यावाचून हे जमत नाही असे त्यांच्या ध्यानात येईल. मग वानर कोठे संपतो आणि आपण कोठे सुरू होतो, यावर त्यांना निबंध लिहायला सांगायला हरकत नाही. मराठीत लिहा, कानडीत लिहा. गुण सारखेच मिळतील.